इंटरनेट सेवा-स्थगिती

सार्वजनिक सुरक्षिततेसाठी एखाद्या प्रदेशातील इंटरनेट सेवा शासकीय आदेशाने तात्पुरती बंद ठेवणे, यास इंटरनेट सेवा-स्थगिती म्हणतात. मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात, २६ फेब्रुवारी २०२४ रोजी, जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात संचारबंदी लागू झाली आणि जालना, बीड व छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत ही सेवा काही तास स्थगित करण्यात आली. अफवांचा प्रसार रोखणे हा अशा आदेशांचा सामान्य हेतू होय. संदेशांवर पाळत ठेवल्यास संशयिताच्या खाजगीपणास बाध येतो. स्थगितीत मात्र कोणाचाही संदेश वाचला जात नाही, परंतु सर्वांचाच संपर्क तुटतो. रकमेची देवघेव व बाजारभावाची चौकशी याच जाळ्यावर चालत असल्याने आंदोलनाशी संबंध नसलेल्या व्यापाऱ्यास व शेतकऱ्यासही तिची झळ पोहोचते.

सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन खटल्यात (१० जानेवारी २०२०) इंटरनेटद्वारे होणारी अभिव्यक्ती व व्यापार यांना संविधानाच्या अनुच्छेद १९ चे संरक्षण असल्याचे मान्य केले. बेमुदत स्थगिती त्याने अवैध ठरविली. आदेश प्रसिद्ध करावा व उपाय धोक्याच्या प्रमाणात असावा, असेही सांगितले. २०२४ च्या दूरसंचार सेवा-स्थगिती नियमांनुसार आदेश सकारण असावा लागतो, त्याची मुदत १५ दिवसांहून अधिक नसते आणि पुनर्विलोकन समिती त्याची तपासणी करते. सुरक्षितता व स्वातंत्र्य यांचा समतोल या अटींच्या प्रत्यक्ष पालनावर अवलंबून असतो.