रात्र गोठली तर सकाळ आपली

(लेखमाला : डोंगरावरची हवा – लेखांक ९)

मागच्या आठवड्यात आपण जानेवारीतला कोरडा, पिठासारखा भुरभुरीत बर्फ पाहिला. आज एप्रिलकडे, म्हणजे स्कीइंगच्या हंगामाच्या शेवटाकडे येऊ. ठिकाण स्वित्झर्लंडमधलं झर्मॅट. गाव १,६२० मीटरवर वसलेलं आहे आणि केबलकार जिथवर पोचते ते क्लाइन मॅटरहॉर्न शिखर ३,८८३ मीटर उंच आहे. दर हजार मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी गार होते. त्या हिशेबाने गावात दहा अंश असतील तेव्हा वर उणे चार-पाच. खाली जॅकेट काखोटीला मारून फिरणारा माणूस तासाभराने वर हातमोज्यांत बोटं चोळत उभा असतो.

हिवाळ्यात स्कीवाले विचारतात, बर्फ किती पडला? एप्रिलमध्ये त्याहून कामाचा प्रश्न वेगळाच असतो : काल रात्री आभाळ मोकळं होतं का?

बर्फाचा पृष्ठभाग रात्रभर आपली उष्णता आकाशाकडे सोडत असतो. ढग नसले आणि हवा कोरडी असली, की ती परत फिरत नाही. मग हवा शून्याच्या एक-दोन अंश वर असली तरी बर्फाचा वरचा थर दगडासारखा गोठतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी पारा शून्याच्या वर असतानाही गवतावरचं दव गोठतं, ते याच कारणाने. ढगाळ रात्री मात्र आभाळ गोधडी पांघरून बसतं आणि सकाळी पायाखाली कालच्या दुपारचाच गाळ सापडतो.

दिवसा वितळायचं, रात्री गोठायचं, असं आठवडाभर चाललं की बर्फाच्या चांदण्यांची टोकं झिजतात आणि त्यांचे गोल दाणे होतात. चांगलं कढवलेलं तूप जसं रवाळ होतं, तसा हा बर्फ रवाळ होतो. जर्मन बोलणारे स्कीवाले याला ‘फिर्न’ म्हणतात आणि त्यासाठी पहाटे उठतात.

कारण त्याची वेळ फार थोडी. सकाळी आठला उतार काचेसारखा असतो. स्कीच्या कडा नुसत्या खरखरतात. दहा-अकराच्या सुमारास वरचे दोन-तीन सेंटिमीटर सैलावतात, खालचा थर मात्र टणकच राहतो. वळण घेताना कडा अलगद रुतते आणि सुटते. हीच ती घटका. दुपारी पाणी खोलवर मुरतं, स्की चिकटू लागते आणि दर वळणाला गुडघे बोलू लागतात. पूर्वेकडचे उतार आधी सैलावतात, मग दक्षिणेचे, शेवटी पश्चिमेचे. जाणकार उन्हामागे डोंगराला वळसा घालत जातो. इथे घड्याळही थोडं फसवतं. उन्हाळी वेळेमुळे झर्मॅटला सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी दीडच्या सुमारास.

बर्फ लगेच का वितळत नाही? शून्य अंशावरचा एक ग्रॅम बर्फ वितळवायला ८० कॅलरी लागतात. तेवढ्या उष्णतेत एक ग्रॅम पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. रात्रीचं गोठणं म्हणजे ही शिल्लक. दुपारपर्यंत सूर्य ती खर्च करतो. ढगाळ रात्रीनंतर शिल्लकच नसते.

शिल्लक संपली की धोका सुरू होतो. मुरलेलं पाणी दाण्यांमधली पकड सोडवतं आणि ओला, जड बर्फ उतारावरून घसरतो. म्हणून दावोसच्या हिम व हिमस्खलन संशोधन संस्थेच्या पाच पायऱ्यांच्या इशाऱ्यात वसंतात वेळेलाही महत्त्व येतं : सकाळी धोका कमी, दिवस चढेल तसा जास्त. आखलेल्या वाटेबाहेर बूट गुडघ्यापर्यंत रुतू लागला, तर वेळ टळली असं समजावं आणि परत फिरावं.

एप्रिल लहरीही असतो. १७ एप्रिल २०२५ रोजी, ईस्टरच्या तोंडावर, त्या भागात इतका बर्फ कोसळला की झर्मॅटचा रस्ता आणि रेल्वे दोन्ही बंद झाले, वीजही गेली. असा ताजा बर्फ ऊन परतवण्यात मात्र पटाईत : पडलेल्या प्रकाशातला ८० ते ९० टक्के तो परत पाठवतो. जुना ओला बर्फ बरंच अधिक ऊन पिऊन घेतो. त्यावर सहाराची तांबूस धूळ बसली, की वितळणं आणखी वेग घेतं.

क्लाइन मॅटरहॉर्नखालच्या हिमनदीवर उन्हाळ्यातही स्कीइंग चालतं. पण रात्रीच्या गोठण्यावर तिथेही आता भरवसा उरलेला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये स्वित्झर्लंडवर शून्य अंशाची पातळी ५,२९८ मीटरवर मोजली गेली, म्हणजे ४,४७८ मीटरच्या मॅटरहॉर्न शिखराच्याही खूप वर. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत त्या देशातल्या हिमनद्यांनी आपलं दहा टक्के आकारमान गमावलं.

एप्रिल-मेच्या सुट्टीत आपल्याकडची बरीच मंडळी आल्प्समध्ये जातात. स्की करायची असो वा नुसता बर्फ तुडवायचा असो, आदल्या रात्री खिडकीतून आभाळ पाहा. चांदण्या दिसल्या तर सकाळची पहिली केबलकार धरा आणि उतार फार मऊ पडण्याआधी खाली या.

(पुढील आठवड्यात : बर्फ खाणारा ‘फॉन’ वारा)