मत्स्याहार आणि दूध

जेवणात मासे असले की त्या वेळी दूध मागू नये, हा दंडक आपल्या किनारपट्टीवरील पुष्कळ घरांत पाळला जातो. कारण विचारल्यास ‘अंगावर कोड उठेल’ असे वडीलधारी माणसे सांगतात. या समजुतीत तथ्य किती, याचा थोडा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

समजुतीचे मूळ जुने आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २६ व्या अध्यायात विरुद्ध आहाराचे विवेचन आढळते. मासे व दूध ही दोन्ही मधुर. परंतु दूध शीतवीर्य आणि मासे उष्णवीर्य, म्हणून ती एकत्र सेवन करू नयेत, असे तेथे म्हटले आहे. विरुद्ध आहाराने उद्भवणाऱ्या विकारांत ‘किलास’ म्हणजे कोडही गणले आहे. मात्र जो तरुण आहे, व्यायाम करतो व ज्याचा जठराग्नी प्रदीप्त आहे, त्यास असा आहार बाधत नाही, असेही त्याच अध्यायात सांगितले आहे. हे वचन सहसा कोणी सांगत नाही!

आधुनिक वैद्यकाच्या मते कोडात शरीराची संरक्षणव्यवस्था त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवरच उलटते व त्या नष्ट होतात. मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने असे घडते, यास पुरावा नाही. हा विकार स्पर्शाने पसरतही नाही. बंगालात दह्यात शिजविलेला मासा आवडीने खातात. युरोपात मासे दुधात व सायीत शिजवितात.

मग मासे खाल्ल्यावर कधी कधी अंगावर लाल गांधी का उठतात? बांगडा, तारली, कुपा यांसारखे मासे बर्फाविना राहिले, तर जंतूंमुळे त्यांच्या मांसात हिस्टामिन नावाचे द्रव्य साठते. ते पोटात गेल्यास तोंड लाल होते, खाज सुटते, डोके दुखते. हे द्रव्य शिजवून वा तळून नाहीसे होत नाही. अशा वेळी वर पेलाभर दूध घेतलेले असले, की दोष दुधाच्या माथी येतो आणि शिळा मासा नामानिराळा राहतो. म्हणून मासळी ताजी घ्यावी व लगेच थंड जागी ठेवावी. ज्यांस मासे किंवा दूध मुळातच सोसत नाही, त्यांनी ते वर्ज्य करावे; आणि खाल्ल्यावर धाप लागली किंवा ओठ-घसा सुजला, तर विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

ज्यांना परंपरेचे पथ्य पाळावयाचे असेल, त्यांनी ते खुशाल पाळावे. त्यात हानी काहीच नाही. हानी होते ती निराळीच. कोड असलेल्या मुलास ‘काय खाल्ले होतेस?’ असे विचारले जाते, त्याच्या शेजारी बसण्यास सोबती कचरतात, आणि पुढे मुलीच्या विवाहाची बोलणी तेवढ्यावरून मोडतात. ज्याचा काहीच अपराध नाही, त्यास आपण अपराधी ठरवितो. आपल्या वर्गात असा सोबती असेल, तर त्याच्या बाकावर जाऊन बसावे आणि घरी वडीलधाऱ्यांसही ही माहिती नम्रपणे सांगावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.