संगणकाच्या पडद्यामागील वाद

संगणकाच्या पडद्यावर आपण एक खिडकी उघडून पत्र लिहितो, शेजारी दुसरी उघडून वर्तमानपत्र चाळतो. कोणती खिडकी वर, कोणती खाली, दाबलेली कळ कोणत्या खिडकीला पोचवायची, हे पाहणारा एक कारभारी पडद्यामागे अखंड राबत असतो. विंडोज किंवा मॅक वापरणाऱ्याला त्याचे नावही ठाऊक नसते; तो बदलला तर त्याला विचारायलाही कोणी येत नाही. परंतु लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीत, जेथे सारी घडण सर्वांसाठी उघडी असते, तेथे कारभारी बदलायचा म्हटले की साऱ्या गावाची सभा भरते. अशी एक सभा गेली पंधराहून अधिक वर्षे चालू आहे, आणि तिच्यात बोलणाऱ्यांपैकी कोणीच अगदी मूर्ख नाही, हे मी आरंभीच सांगून ठेवतो.

जुन्या कारभाऱ्याचे नाव एक्स. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत १९८४ साली बॉब शाइफलर आणि जिम गेटिस यांनी तो घडविला. स्टॅनफर्डमध्ये 'डब्ल्यू' नावाची तशीच एक रचना होती, म्हणून इंग्रजी वर्णमालेतील पुढचे अक्षर याला मिळाले. नाव ठेवण्यात याहून अधिक काव्य नाही. १९८७ च्या सप्टेंबरात त्याची अकरावी आवृत्ती निघाली आणि तो आकडा आजतागायत त्याला चिकटून आहे. त्या काळी गणिताचे ओझे वाहणारे यंत्र एका खोलीत आणि विद्यार्थ्यापुढचा पडदा दुसऱ्या इमारतीत, असा प्रकार असे. म्हणून एक्सची योजना अशी की, प्रोग्रॅमने तारेवरून फक्त हुकूम पाठवावेत : येथून येथवर रेघ ओढ, येथे हा रंग भर, येथे हे अक्षर उमटव. चित्र काढण्याचे काम कारभाऱ्याचे. तारेवरून जाणारे हुकूम थोडके, म्हणून काम जलद. त्या दिवसांत ही योजना खरोखर सुंदर होती.

मग बिघडले कोठे? आपल्या देवनागरीचेच उदाहरण घ्या. एक्सची अक्षरे उमटविण्याची मूळ रीत खिळे जुळविणाऱ्याची : एका संकेताला एक ठसा, आणि ठशापुढे ठसा. इंग्रजीला ते पुरले. पण 'कि' लिहिताना वेलांटी उच्चाराने मागून येते आणि कागदावर आधी बसते. 'कीर्ती'तला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. 'क्ष'मध्ये क आणि ष ओळखूही येत नाहीत. हे व्याकरण त्या कारभाऱ्याला कोठून यावे? तेव्हा प्रोग्रॅमांनी अक्षरे जुळविण्याचे काम आपल्याकडे घेतले. केवळ देवनागरीसाठी नव्हे. इंग्रजी अक्षरांच्या कडा गुळगुळीत हव्यात म्हणूनही तेच झाले. हळूहळू प्रोग्रॅम सारे चित्र स्वतःच काढून तयार पट कारभाऱ्याच्या हाती देऊ लागले. पुढे अर्धपारदर्शक खिडक्या आणि सावल्या आल्या, तेव्हा हे पट एकावर एक रचून अंतिम दृश्य बनविणारा आणखी एक रचनाकार नेमावा लागला. म्हणजे प्रोग्रॅम चित्र देणार एक्सला, एक्स देणार रचनाकाराला, आणि रचनाकार ते पुन्हा एक्सलाच परत देणार!

या येरझाऱ्या पाहून क्रिस्टियन ह्योग्सबर्ग या अभियंत्याने २००८ साली विचारले की, मधला माणूस हवाच कशाला? रचनाकारच पडद्याचा मालक होऊ दे. त्याने आपल्या योजनेला मॅसॅच्युसेट्समधील वेलँड या गावाचे नाव दिले. वेलँड हा एक प्रोग्रॅम नव्हे, ती नियमांची पोथी आहे. ग्नोम, केडीई अशी प्रत्येक मंडळी त्या नियमांप्रमाणे आपला रचनाकार स्वतः बांधतात. तिची १.० आवृत्ती २०१२ साली आली. वेलँडच्या बाजूस गेलेल्यांत एक्सची वर्षानुवर्षे डागडुजी करणारेच अनेकजण होते. गळती कोठे आहे हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

पण खरा तंटा वेगाचा नाही, भिंतींचा आहे. एक्स हा जुन्या वाड्यासारखा. मधल्या चौकात कोण काय बोलले ते साऱ्या बिऱ्हाडांना ऐकू जाते. एक्सबरोबर डोळ्यांचा एक गमतीचा प्रोग्रॅम मिळत असे : पडद्यावर दोन डोळे, आणि बाण कोठेही गेला तरी बुबुळे त्यामागे फिरतात. मुले हसतात, पण क्षणभर विचार करा. दुसऱ्याच्या खिडकीवर फिरणारा बाण या डोळ्यांना दिसतो कसा? जसा बाण दिसतो, तशाच दुसऱ्या खिडकीत दाबलेल्या कळाही कोणत्याही प्रोग्रॅमला टिपता येतात, बँकेच्या परवलीच्या शब्दासकट. वेलँडने प्रत्येक बिऱ्हाडाला भिंत आणि दार दिले. तेथे ते डोळे आपल्यासारख्या जुन्या खिडक्यांबाहेर बाण गेला की थिजून बसतात.

परंतु चौकातून केवळ चोरच येत नव्हते. अंध माणसाला पडदा वाचून दाखविणारा ऑर्का हा प्रोग्रॅम दुसऱ्या खिडकीतील कळा ऐकूनच आपले काम करी. भिंती उभ्या राहिल्या तेव्हा रोज पत्र वाचून दाखवायला येणारा हा शेजारीही दाराबाहेर राहिला. फेडोराने २०१६ मध्ये ग्नोमवर वेलँड मुख्य केला. ऑर्काच्या कळांची ही अडचण बरीचशी सुटली ती २०२५ च्या ग्नोम ४८ मध्ये. मधल्या वर्षांत 'हे काम अजून व्हायचे आहे' हे उत्तर ऐकत राहिलेल्या अंध वापरकर्त्याचा संताप मला अगदी योग्य वाटतो. वेलँडवाल्यांच्या हेतूत खोट नव्हती. पण दार बसविण्याआधी घरात कोणकोण ये-जा करतो याची यादी करावयास हवी होती. सभेत आपला पडदा इतरांना दाखविण्याची सोय मात्र, दर वेळी परवानगी विचारून का होईना, पुष्कळ आधी झाली. रंगांच्या अचूकतेचा नियम मंजूर व्हायला २०२५ उजाडले, कारण पोथीत एक ओळ घालायची तर सगळ्या मंडळींचे एकमत करावे लागते. उबुंटूच्या कॅनॉनिकल कंपनीने मध्येच, २०१३ साली, मीर नावाची तिसरी चूल मांडली होती. पुढे मीरही वेलँडचेच नियम पाळू लागला.

निकाल आता बहुतांशी लागला आहे. रेड हॅटने २०२५ च्या आपल्या दहाव्या आवृत्तीतून एक्सचा कारभारी काढला. त्याच वर्षी उबुंटू २५.१० ने ग्नोमवरील एक्सची वाट बंद केली, आणि केडीईनेही प्लाझ्मा ६.८ पासून तसेच करण्याचे जाहीर केले. विरोधकांपैकी काहींनी त्याच वर्षी एक्सची प्रत उचलून एक्सलिब्रे नावाने वेगळा संसार थाटला. त्यांना तो हक्क आहे. मुक्त प्रणालीत कोणी कोणाला अडवू शकत नाही. पण त्याचबरोबर, पगार नसताना एक्सची डागडुजी करीत रहा, अशी सक्तीही कोणावर करता येत नाही, आणि वादाचे पारडे फिरले ते युक्तिवादांपेक्षा या गोष्टीने. जुन्या प्रोग्रॅमांसाठी वेलँडच्या घरात एक्सवेलँड नावाची एक खोली राखलेली आहे. तिच्यात चालणारा कारभारी म्हणजे एक्सच!

राहता राहिला आपल्या मराठी टंकलेखनाचा प्रश्न. कोणती कळ दाबली असता कोणते अक्षर यावे, याची इनस्क्रिप्टसारखी कोष्टके लिनक्सवर एक्ससाठी रचली गेली होती. वेलँडचे रचनाकार तीच कोष्टके वाचतात, तेव्हा बोटांना पडलेली सवय मोडावी लागत नाही.