बारदाना संपला की काटा थांबतो

धर्मापुरी, घाटनांदूर, परळी या पट्ट्यात बारावी झालेलं पोरगं ‘सप्लाय चेन मॅनेजमेंट’चं नाव काढतं, तेव्हा घरच्यांना त्यात नुसती गाडी दिसते.

गैरसमज: ही ट्रक-गोदामाची डिग्री आहे.

वस्तुस्थिती: 2024-25च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता. माल घरात पडून होता, सरकारी खरेदीही जाहीर झालेली. आधी 12 टक्के ओलाव्याच्या अटीत माल बसेना; नोव्हेंबरात ती मर्यादा 15 टक्क्यांवर नेली. पुढे राज्यात कित्येक केंद्रांवर बारदाना संपला आणि काटे थांबले. पोती किती लागतील, ती कधी मागवायची, ओला माल कुठे वाळवायचा, पैसे येईपर्यंत शेतकऱ्याने कशावर निभवायचं, हाच या अभ्यासक्रमाचा गाभा. गाडीचा नंबर त्यानंतर लागतो. आडतीवर बापासोबत पट्टीची वाट बघत बसलेल्या पोराला हे धडे इतरांपेक्षा लवकर कळतील, असं मला मनापासून वाटतं.

गैरसमज: आपल्या भागाचा याच्याशी संबंध काय?

वस्तुस्थिती: परळीच्या औष्णिक केंद्राला कोळसा लांबून रेल्वेने येतो. पण 2015च्या दुष्काळात पाणीच नव्हतं आणि केंद्र बंद ठेवावं लागलं. पुढच्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर. वाघिणी धुणं, भरणं, लातुरात उतरवणं, शुद्ध करणं, टँकरने वाटणं, यातलं एक जरी अडलं असतं तरी शहर तहानलेलं राहिलं असतं.

गैरसमज: गणित कच्चं असलं तरी चालतं.

वस्तुस्थिती: चालत नाही. संख्याशास्त्र, खर्चाचे हिशेब, एक्सेल रोज लागतं.

गैरसमज: डिग्री हातात पडली की केबिन.

वस्तुस्थिती: सुरुवात बहुधा चाकण-भिवंडीकडच्या गोदामात किंवा डिस्पॅचला, कधी रात्रपाळीत होते. प्रवेशाचं म्हणाल, तर या विषयातल्या बीबीएसाठी राज्यात 2024पासून सीईटी आहे. पुढे एमबीए करायचं तर 1963 साली सुरू झालेली ‘निटी’, म्हणजे आताची आयआयएम मुंबई, याच विषयासाठी नावाजलेली आहे. तिथे कॅट द्यावी लागते. फी भरण्याआधी कॉलेजला एवढंच विचारा: गेल्या वर्षीची मुलं इंटर्नशिपला कुठे गेली आणि तिथे त्यांनी नेमकं काय केलं? उत्तरादाखल नुसते कंपन्यांचे लोगो दाखवले, तर दुसरं कॉलेज बघा.