पदवी पुसदची, सर्टिफिकेट पुण्याचं

१९८३ साली वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली आणि त्याच वर्षी पुसदला बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं. जवळच्या दिग्रसच्या पोराला इंजिनिअर होण्यासाठी नागपुरात खोली करून राहायची सक्ती उरली नाही.

२००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन (एमकेसीएल) स्थापन झालं, पाठोपाठ त्यांची संगणक साक्षरतेची परीक्षा एमएससीआयटी आली. भारनियमनाच्या वेळा सांभाळत पोरांनी ती केली. पण त्यातून संगणक वापरता यायचा. सर्व्हर सांभाळायला शिकायचं तर पुणं गाठून हार्डवेअर-नेटवर्किंगचा क्लास लावावा लागे. तिथे कंपन्यांच्या सर्टिफिकेटची तयारी व्हायची: नेटवर्कसाठी सिस्कोची सीसीएनए १९९८ची, लिनक्स सर्व्हरसाठी रेड हॅटची आरएचसीई १९९९ची. बी.कॉम. झालेल्यालाही तिथे कुणी शाखा विचारत नव्हतं. तालुक्याच्या पोरांसाठी ही फार मोठी गोष्ट होती.

मग डम्प, म्हणजे परीक्षेतल्या प्रश्नांचे फुटलेले संच आले. प्रश्नोत्तरं पाठ करून सर्टिफिकेट मिळू लागलं आणि त्याचा भाव उतरला. रेड हॅटची परीक्षा मात्र टिकली, कारण ती प्रात्यक्षिक असते. समोरच्या मशीनचा रूट पासवर्ड, म्हणजे सर्वाधिकाराचा पासवर्ड, माहीत नाही, असं समजा. मशीन रीस्टार्ट करायचं, बूटच्या ओळीत ‘आरडी डॉट ब्रेक’ जोडायचं, आत शिरून पासवर्ड बदलायचा. एक पायरी चुकली की पुढचं सगळं अडतं. आपल्या विद्यापीठांच्या प्रात्यक्षिक परीक्षेत जर्नलवरच्या सहीपेक्षा या कसोटीला मान मिळायला हवा होता.

तरीही पदवी सोडू नये, असंच मी म्हणेन. बँकांच्या आयटी अधिकारी भरतीत अभियांत्रिकी किंवा पदव्युत्तर पदवी लागते, नाहीतर पदवीच्या जोडीला डोएकची ‘बी’ लेव्हल. नुसत्या सीसीएनएवर तिथे अर्जही भरता येत नाही. शिवाय तिची मुदत तीन वर्षांची. २०१६ मध्ये ॲमेझॉनचं क्लाउड केंद्र मुंबईत आलं आणि सर्व्हरच्या खोलीत शिकलेलं बरंच काही मागे पडलं. पण स्लॅश सव्वीसच्या नेटवर्कमध्ये चौसष्ट पत्ते असतात आणि यंत्रांना बासष्टच का देता येतात, हे ज्यानं कागदावर मांडून समजून घेतलं होतं, त्याला क्लाउडमध्येही ते उपयोगी पडलं.

२०२० पासून सर्टिफिकेटच्या या परीक्षा घरबसल्या देता येतात, पुण्याची फेरी वाचली. पण सीसीएनएची फी तीनशे डॉलर आहे. कापूस-सोयाबीनवर चालणाऱ्या घरानं ती कुठून आणायची? पदवीच्या शेवटच्या वर्षी एका सर्टिफिकेटची फी महाविद्यालयानं किंवा समाजकल्याण विभागानं भरावी, ही मागणी दिग्रससारख्या गावांनी आता लावून धरायला हवी.