उसाचे पाते, एक ओरखडा आणि पू

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर करमाळा तालुक्यात जेऊर हे स्थानक लागते. उजनी धरणाच्या पाण्यामुळे या भागात उसाचे फड पसरलेले आहेत. फडातून चालून बाहेर आलेल्या माणसाच्या हातापायांवर बारीक ओरखडे हमखास दिसतात. उसाच्या पात्याच्या कडेला करवतीसारखे सूक्ष्म दाते असतात व सिलिकेमुळे ते कठीण झालेले असतात. बहुतेक ओरखडे चार दिवसांत भरून येतात. एखादा मात्र लाल होतो, सुजतो, ठणकू लागतो आणि त्यात पू धरतो. असे का व्हावे?

आपली कातडी ही शरीराची तटबंदी आहे. या तटावर असंख्य जंतू नेहमीच वस्ती करून असतात. ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ हा जंतू तर सुमारे एकतृतीयांश निरोगी माणसांच्या नाकात सापडतो. तटाला भगदाड पडले की तो आत शिरतो. मग रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धावून जातात. या लढाईत मेलेल्या पेशी, मेलेले व जिवंत जंतू आणि पेशींमधील द्रव यांचे मिश्रण म्हणजेच पू. स्कॉटलंडमधील शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑगस्टन यांनी १८८० साली पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यांना द्राक्षांच्या घडासारखे जंतूंचे पुंजके दिसले. ‘स्टॅफिली’ म्हणजे ग्रीक भाषेत द्राक्षांचा घड. त्यावरूनच हे नाव पडले.

रोग ओळखावा कसा?

केसाच्या मुळाशी जंतू शिरले की केसतूड होते. ते खोलवर वाढले की गळू होते. लहान मुलांच्या नाकातोंडाभोवती फोड येऊन त्यांवर मधासारख्या पिवळ्या खपल्या धरतात, तो प्रकार वेगळा. तो स्पर्शाने व एकाच टॉवेलाने झपाट्याने पसरतो. तिसरा प्रकार अधिक घातक आहे. त्यात पू एका जागी साठत नाही, तर कातडीखाली लाली व सूज पसरत जाते. हे काम बहुधा ‘स्ट्रेप्टोकॉकस’ या साखळीसारख्या जंतूचे असते. पेशींना जोडून ठेवणारा पदार्थ विरघळविणारी विकरे तो सोडतो आणि वाट मोकळी करीत पुढे सरकतो. अशा वेळी काखेत किंवा जांघेत अवधाण येते. पायाच्या जखमेने जांघेत गाठ का यावी, याचे उत्तर असे, की लसीकावाहिन्यांतून येणारे जंतू अडविण्याची चौकी तेथे असते.

लाली पसरते की नाही हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढा व काही तासांनी पाहा. लाली रेघेबाहेर गेली असेल, ताप आला असेल, जखमेपासून वर लाल रेषा चढत असेल, गळू डोळ्याजवळ वा नाकावर असेल किंवा रोग्याला मधुमेह असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले पाहिजे. स्ट्रेप्टोकॉकसमुळे कातडीवर फोड आलेल्या मुलाला पुढे काही आठवड्यांत क्वचित मूत्रपिंडाचा विकार होतो. तोंड सुजणे व लघवी चहासारखी तांबूस होणे ही त्याची खूण.

उपचार

ओरखडा उठताच तो साबणाने व स्वच्छ पाण्याने धुवावा. जखमेवर तंबाखू, चुना, शेण वा राख लावू नये. मातीत व शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. लहान केसतुडाला दिवसातून तीन-चार वेळा ऊन पाण्यात बुडवून पिळलेल्या कापडाने शेक द्यावा. ते दाबून फोडू नये. दाबल्याने जंतू आत ढकलले जातात. मोठे गळू डॉक्टर चिरून पू काढतात, कारण साठलेल्या पुवात औषध नीट पोहोचत नाही.

१९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलीनचा शोध लागला, तो स्टॅफिलोकॉकसच्या बशीतच. आपल्याकडे पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व पुढील वर्षी तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. परंतु आज बहुतेक स्टॅफिलोकॉकस जंतू साध्या पेनिसिलीनला दाद देत नाहीत. ते औषधाचे रेणूच तोडणारे विकर तयार करतात. फोडांचा स्ट्रेप्टोकॉकस मात्र अजूनही पेनिसिलीनने मरतो. म्हणजे दिसायला सारख्याच असलेल्या दोन जखमांना औषधे निराळी लागू शकतात. म्हणून घरात उरलेली, शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्या मनाने घेऊ नये. आणि डॉक्टरांनी सांगितलेला औषधाचा क्रम बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये.

फडातून घरी आल्यावर हातपाय धुताना ओरखडे मोजून पाहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा. एवढी सवय लागली, तर पुष्कळ गळवे उगवण्याआधीच टळतील.