टोपणाचे तिपेडी आटे

वऱ्हाडांत राहून तिपेडी दोर पाहिला नाहीं असा मनुष्य विरळा. पोळा जवळ आला कीं बाजारांत बैलांसाठीं नवे दोर आणि कासरे येतात. त्यांतील एखादा हातांत घेऊन त्याच्या एकाच पेडावर बोट फिरवीत गेलें असतां एक गोष्ट ध्यानांत येते. तो पेड दोराभोंवतीं पूर्ण फेरा घेऊन पुन्हां वर येतो, तेव्हां मूळ जागेला लागून येत नाहीं. मधल्या दोन पेडांना जागा देऊन तो तीन पेडांइतका पुढें सरकलेला असतो. हातानें घडविलेल्या फाउंटन पेनाचें टोपण दोनच फेऱ्यांत घट्ट बसतें, त्याच्या मुळाशीं हीच युक्ति आहे.

टाक आणि दौत यांच्या काळांत टोपणाचा प्रश्न नव्हता. न्यूयॉर्कच्या लुई वॉटरमन यांनीं १८८४ सालीं आपल्या पेनाचें पेटंट घेतलें, आणि पुढें शाई पोटांत बाळगणारी ही झरणी लोकांच्या खिशांत बसूं लागली. प्रारंभींचीं टोपणें नुसतीं दाबून बसविलेलीं असत. तीं सैल झालीं म्हणजे सदऱ्यावर डाग पडे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत आटे पाडलेलें, फिरवून बसविण्याचें टोपण रूढ झालें आणि ही भीति पुष्कळ कमी झाली. पण तिच्या जागीं एक नवी अडचण उभी राहिली.

लगतच्या दोन आट्यांमधील अंतराला कारागीर पिच म्हणतात. समजा, पेनाच्या नळीवर इंचाला ३० आटे पाडले. म्हणजे पिच इंचाचा तिसावा भाग, सुमारें ०.८५ मिलिमीटर झाली. टोपण घट्ट राहण्यासाठीं ते ५ मिलिमीटर लांबीवर एकमेकांत गुंतावयास हवे असले, तर टोपण काढण्यास सुमारें सहा फेरे द्यावे लागतील. साक्ष चालू असतां टिपण घेणाऱ्या वकिलाला अथवा दर घटकेला सही करणाऱ्या कारकुनाला हें परवडणारें नाहीं.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे आटे मोठे करणें. इंचाला दहाच आटे पाडले तर एका फेऱ्यांत टोपण अडीच मिलिमीटर सरकेल आणि दोन फेऱ्यांत काम होईल. परंतु आटा जितका रुंद, तितका त्याचा चर खोल असावा लागतो. इंचाला १० या मानाच्या साठ अंशी आट्याचा चर सुमारें दीड मिलिमीटर खोल जातो. आतां हातानें केलेल्या पेनाची नळी बाहेरून १३ मिलिमीटर आणि आंतून १० मिलिमीटर धरली, तर तिची भिंतच मुळीं दीड मिलिमीटर जाड! म्हणजे चर पुरा होण्याच्या आधींच नळी कापली जाणार.

येथें दोराची युक्ति उपयोगी पडते. आटे बारीकच ठेवावयाचे, इंचाला ३०. पण एका चराऐवजीं तीन चर पाडावयाचे. ते नळीच्या कांठावर परस्परांपासून वर्तुळाच्या तिसऱ्या हिश्श्यावर सुरू होतात आणि शेजारीं शेजारीं चालतात. प्रत्येक चर एका फेऱ्यांत इंचाचा दहावा भाग पुढें जातो. या अंतराला लीड म्हणतात. चराची खोली मात्र बारीक आट्याचीच, सुमारें अर्धा मिलिमीटर, राहते. भिंतीचा जवळजवळ एक मिलिमीटर शिल्लक उरतो आणि टोपण दोन फेऱ्यांत निघतें. कारखान्यांतील फ्लाय प्रेसचा जाड पेच पाहिला तरी हेंच दिसतें. दांडा थोडा फिरतांच दट्ट्या पुष्कळ खालीं येतो, कारण तो पेचही बहुधा अनेकपेडी असतो.

अकोल्याची भरभराट कापसावर झाली आणि कापसाबरोबर जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले. सरकी काढणाऱ्या आणि गांठी बांधणाऱ्या यंत्रांची दुरुस्ती करावयाची म्हणजे जवळ लेथ हवाच. त्यामुळें आटे पाडणारा कारागीर या भागाला नवा नाहीं. मात्र बोल्टावरचे आटे एकपेडी असतात. तिपेडी आटे पाडावयाचे तर त्याच लेथावर एक निराळा हिशेब करावा लागतो.

लेथामध्यें काम धरून फिरणारा दंड तो स्पिंडल, आणि हत्यार वाहून नेणाऱ्या कॅरेजला पुढें ढकलणारा लांब पेच तो लीड स्क्रू. दोहोंना दांत्यांच्या चक्रांनीं जोडलेलें असतें. लीड स्क्रूवर इंचाला ८ आटे असले, तर त्याच्या एका फेऱ्यांत हत्यार इंचाचा आठवा भाग चालतें. आपणांस मात्र स्पिंडलच्या एका फेऱ्यांत दहावा भाग हवा. म्हणून स्पिंडल एक फेरा फिरला असतां लीड स्क्रूनें चार पंचमांश फेरा फिरला पाहिजे. स्पिंडलच्या बाजूस ६० दांत्यांचें आणि लीड स्क्रूवर ७५ दांत्यांचें चक्र बसविलें कीं हें प्रमाण साधतें. मध्यें जोडणीसाठीं घातलेलें चक्र केवळ दिशा बदलतें. प्रमाणांत त्यानें फरक पडत नाहीं.

४० आणि ५० दांत्यांच्या चक्रांनींही हेंच प्रमाण येतें. मग ६० चेंच चक्र कां? कारण ६० ला तीननें निःशेष भाग जातो, आणि या कामाचें सारें मर्म त्या भागाकारांत आहे. पहिला चर पुरा झाला कीं चक्रें जेथें एकमेकांत गुंतलीं आहेत तेथें खडूनें खूण करावयाची. नंतर मधलें चक्र अलग करून स्पिंडल बरोबर २० दांते फिरवावयाचा आणि चक्र पुन्हां गुंतवावयाचें. लीड स्क्रू व हत्यार जागच्या जागीं राहतात. काम तेवढें एक तृतीयांश फेरा वळतें. आतां दुसरा चर पडतो, आणि आणखी २० दांत्यांनंतर तिसरा. अर्थात् हें चक्र स्पिंडलच्या बरोबरीनें, फेऱ्यास फेरा, फिरणारें असलें पाहिजे.

दुसरी रीत अशी कीं, हत्याराची वरची लहान सरकपट्टी कामाच्या अक्षाला समांतर लावून प्रत्येक चरानंतर हत्यारच इंचाचा तिसावा भाग पुढें घ्यावयाचें. हजारांशांच्या तबकडीवर ती खूण ३३ आणि एक तृतीयांश येते. त्या तृतीयांशाच्या चुकीनें कांहीं बिघडत नाहीं. बिघडतें तें सरकपट्टीच्या पेचांतील ढिलाईमुळें. म्हणून ती नेहमीं एकाच दिशेनें फिरवावी लागते.

वांटणी चुकली तर काय होतें? एक चर शेजाऱ्याच्या बाजूस सरकतो, मधला उंचवटा बारीक होतो, आणि टोपण आंत जातच नाहीं. तें जावें म्हणून आटे सैल केले, तर तिहींपैकीं एकाच चरावर सारा ताण येतो आणि टोपण डुलूं लागतें. ही चूक पुसतां येत नाहीं. तासन् तास कातून झिलई केलेली नळी टाकून द्यावी लागते. यासाठीं अनुभवी कारागीर आधीं तीन हलक्या रेघा ओढून कांठावर त्यांचें अंतर पाहतो आणि मगच खोल जातो.

पेनासाठीं बहुधा एबोनाइट, म्हणजे पुष्कळ गंधक घालून उष्णतेनें कठीण केलेलें रबर, वापरतात. तें कातलें जातें छान, पण आट्याची धार तीक्ष्ण ठेवली तर तिचे टवके उडतात. म्हणून काप हलके घेऊन आट्याचे माथे किंचित् बोथट करतात. लिहितांना बोटें तेथेंच टेकतात, तेव्हां तेंही सुखाचें होतें. तिपेडी चर एकपेडीपेक्षां अधिक तिरपा, सव्वा अंशाऐवजीं पावणेचार अंशांचा, असल्यानें हत्याराची एक बाजू अधिक घांसावी लागते. शिवाय कॅरेज तिप्पट वेगानें धांवतें आणि आटे तर जेमतेम ५ मिलिमीटर. म्हणून पुष्कळजण मोटार बंद करून स्पिंडल हातानेंच फिरवितात.

टोपणाच्या आंतील आट्यांसाठीं त्याच चक्रांवर, त्याच वांटणीनें पोलादाचा एक टॅप करून त्याला पाणी देतां येतें. तयार टॅप आणि डाय मागवितां येतात खरे. परंतु तिपेडी जातीचे साध्या दुकानांत मिळत नाहींत, मुद्दाम करवून घ्यावे लागतात.

सगळेच आटे मात्र तिपेडी करूं नयेत. निब बसविलेला पुढचा भाग नळीला जोडणारे आटे बारीक आणि एकपेडीच हवेत. ज्या पेनांत शाई थेट नळींत भरतात, त्यांत तो सांधा आपोआप सैल झाला तर खिसा भिजलाच. चटकन् उघडणारी वस्तु चटकन् सैलही होते. कोठें घाई हवी आणि कोठें धिमेपणा, हें कारागिरानें ठरवावयाचें असतें.

अकोल्याहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वर्धा लागतें. तेथील मगनवाडींत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचें ठाणें होतें. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम् यांनीं केलेलें पेन संघाच्या जे. सी. कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे पोंचलें. गांधीजींनीं तें वापरून पाहिलें आणि परदेशी पेनांच्या जागीं तें चांगलें चालेल, असें जुलै १९३५ मध्यें वर्ध्याहून रत्नम् यांस पत्रानें कळविलें. राजमहेंद्रीला एबोनाइटचीं पेनें आजही लेथावर कातलीं जातात आणि नागपुरांतही फाउंटन पेनें व निबा होतात. बाहेरून आणलेला टॅप मोडला कीं काम थांबतें. पण ज्याला साठाचा तीननें भागाकार लेथावर करतां येतो, त्याला दुसरा टॅप घरींच करतां येतो. स्वदेशी पेनाचा टिकाव पुष्कळसा या लहानशा कौशल्यावर आहे.

घरांत जुनें पेन असेल तर त्याचे आटे किती पेडी आहेत हें कोणासही पाहतां येईल. टोपण नळीवर अलगद टेकवून उलट दिशेनें, म्हणजे उघडण्याच्या दिशेनें, हळूहळू फिरवावें. चराच्या तोंडाशीं येतांच टोपण किंचित् खालीं बसतें आणि बारीकसा टक् असा आवाज होतो. एका पूर्ण फेऱ्यांत असे तीन आवाज आले, तर तीं तीन पेडांचीं तीन तोंडें होत.